सी भाषेची मिरासदारी

तुमच्या खिशातला मोबाइल, कचेरीतला संगणक, चौकातले एटीएम, घरात वाय-फाय पुरवणारा डबा. या वस्तूंच्या कंपन्या वेगळ्या, किमती वेगळ्या, कामे वेगळी. परंतु त्यांच्या अगदी आतल्या गाभ्यात शिरून पाहिले, तर जवळजवळ सगळीकडे एकाच भाषेचे राज्य दिसते. तिचे नाव एका अक्षराचे आहे: सी. वय पन्नाशीच्या पुढचे. संगणकाच्या जगात जिथे पाच वर्षांपूर्वीची वस्तू जुनाट ठरते, तिथे ही म्हातारी आजही तिजोरीच्या किल्ल्या कनवटीला लावून बसली आहे.

गेली पंचवीस वर्षे मी संगणकाच्या याच आतल्या भागात काम करतो आहे. माझी भाजीभाकरी या भाषेने चालवली, हे आधी सांगून टाकतो. तरीही आज मला तिच्याविषयी तक्रार मांडायची आहे. भाषा म्हणून ती सुबक आहे, तिचे उपकार मोठे आहेत. तक्रार आहे ती तिच्या मिरासदारीविषयी. एखाद्या पूर्वजाने पराक्रम केला, त्याला वतन मिळाले. पुढे काळ बदलला, गावाच्या गरजा बदलल्या, पण वतन त्याच घराण्यात राहिले, असे आपल्याकडे पुष्कळ घडले. सीचे तसेच झाले आहे. ही नुसती प्रोग्रॅमर मंडळींच्या घरातली धुसफूस असती, तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पण या मिरासदारीचा सारा तुम्हीआम्ही सगळे भरतो आहोत, म्हणून हा विषय सर्वांचा आहे.

आधी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. जुन्या वाड्यात एक कारभारी असे. कोठीच्या, तिजोरीच्या, तळघराच्या किल्ल्या त्याच्याकडे. घरातल्या कोणालाही धान्य हवे असो की पैसा, त्याला सांगावे लागे. संगणकातही असाच कारभारी असतो. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड, अ‍ॅपलची मॅक ओएस, ही त्याची वेगवेगळी नावे. तुम्ही मोबाइलवर फोटो काढता तेव्हा कॅमेऱ्याचे अ‍ॅप स्वतः भिंगाला हात लावत नाही. ते कारभाऱ्याला सांगते आणि कारभारी काम करून देतो. फाइल उघडणे, निरोप पाठवणे, पडद्यावर अक्षर उमटवणे, प्रत्येक गोष्टीसाठी कारभाऱ्याच्या खिडकीवर अर्ज द्यावा लागतो. हा कारभारी ज्या भाषेत घडवला गेला, ती भाषा बहुतेक ठिकाणी सी आहे.

हे असे का झाले? गोष्ट सुरू होते १९६९ साली, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, मरे हिल इथल्या बेल लॅबोरेटरीत. केन थॉम्प्सन यांनी पीडीपी-७ नावाच्या एका लहानशा यंत्रावर युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतली. त्या काळी हे काम बहुधा असेम्ब्लीत करत. असेम्ब्ली म्हणजे त्या त्या यंत्राची स्वतःची बोली. यंत्र बदलले की बोली बदलली, म्हणजे सगळे लिखाण पहिल्यापासून. थॉम्प्सन यांचे सहकारी डेनिस रिची यांनी १९७१ ते १९७३ या काळात यावर उपाय काढला. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल नावाची भाषा होती. तिच्यावरून थॉम्प्सन यांनी ‘बी’ ही भाषा केली होती आणि ‘बी’वरून रिची यांनी ‘सी’ घडवली. ती यंत्राच्या इतकी जवळ होती की कारभाऱ्याचे काम तिच्यात करता यावे आणि यंत्रापासून इतकी दूर होती की एका यंत्रावरचे लिखाण थोड्या फेरफाराने दुसऱ्यावर नेता यावे. १९७३ साली युनिक्सचा गाभा पीडीपी-११ या यंत्रासाठी सीमध्ये पुन्हा लिहिला गेला. तिथून पुढे युनिक्स यंत्रायंत्रांवर पसरत गेले आणि जिथे युनिक्स गेले तिथे सी गेली.

या प्रसाराला आणखी एक कारण होते आणि त्याचा तंत्राशी काही संबंध नव्हता. बेल लॅबोरेटरी एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या छत्राखाली होती. सरकारने मक्तेदारीविरुद्ध भरलेल्या खटल्यात १९५६ साली तडजोड झाली आणि त्या कंपनीला टेलिफोनबाहेरच्या धंद्यात उतरायला मनाई झाली. त्यामुळे युनिक्स बाजारात मांडण्याऐवजी तिने ते विद्यापीठांना नाममात्र मोबदल्यात, मूळ प्रोग्रॅमसकट दिले. एका पिढीचे विद्यार्थी ते वाचत, मोडत, जोडत शिकले. १९७८ साली ब्रायन कर्निहान आणि रिची यांचे सीवरचे छोटेखानी पुस्तक आले आणि ते जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या टेबलावर जाऊन बसले. एका मक्तेदारीला लावलेल्या लगामातून दुसरी मिरासदारी जन्माला आली, ही इतिहासाची गंमत म्हणायची.

आता कोणी म्हणेल, सी जिंकली कारण तीच सगळ्यांत लायक होती. मला हे पूर्ण पटत नाही. सीच्या जन्माच्या दहा वर्षे आधी, १९६१ साली, बरोज या कंपनीने बी-५००० नावाचा संगणक जाहीर केला होता. त्याची ऑपरेटिंग सिस्टिम अल्गोल या उच्चस्तरीय भाषेच्या एका बोलीत लिहिलेली होती आणि प्रोग्रॅम आपली हद्द ओलांडतो आहे का, हे ते यंत्र स्वतःच तपासत असे. मल्टिक्स ही मोठी ऑपरेटिंग सिस्टिम पीएल-वन या भाषेत लिहिली गेली. १९८४ साली अ‍ॅपलचा मॅकिंटॉश आला, तेव्हा त्याच्या कारभाऱ्याशी कसे बोलावे याची अधिकृत पुस्तके पास्कल भाषेच्या रीतीने लिहिली होती. म्हणजे दुसऱ्या वाटा होत्या आणि त्यांवरून लोक चालतही होते. पुढे लिनक्स १९९१ साली आले ते सीमध्ये. विंडोजची नवी पिढी, विंडोज एनटी, १९९३ साली आली, तिचा गाभाही मुख्यतः सीमध्ये. अ‍ॅपलने २००१ साली मॅकसाठी युनिक्सच्या घराण्यातला पाया घेतला, म्हणजे पुन्हा सी. आयफोन त्याच पायावर उभा आहे आणि अँड्रॉइड लिनक्सवर. अशा रीतीने एकेक वाट बंद होत गेली.

इथपर्यंत फार बिघडले नव्हते. कारभारी कोणत्या भाषेत वाढला, याच्याशी आपल्याला काय करायचे? अडचण खिडकीवर येते. कारभाऱ्याकडे अर्ज करायचा तो कोणत्या नमुन्यात, हे त्याने सीमध्येच लिहून ठेवले आहे. त्या नमुन्याच्या कागदांना हेडर फाइल म्हणतात. कोणती माहिती आधी द्यायची, कोणत्या आकड्याला किती जागा सोडायची, दोन रकान्यांमध्ये किती मोकळी जागा ठेवायची, हे सगळे सीच्या संकेतांनी ठरते. आज पायथन, जावा, गो, रस्ट, स्विफ्ट अशा कितीतरी भाषा आहेत. दोन वेगळ्या भाषांतल्या प्रोग्रॅमांना एकमेकांशी बोलायचे असेल, तर बहुतेक वेळा दोघेही सीचे संकेत वापरतात. जणू दोन मराठी माणसांनी समोरासमोर बसून तिसऱ्याच भाषेतल्या छापील अर्जावर एकमेकांची खुशाली विचारावी.

या संकेतांत किती घोळ आहे, त्याचा एक नमुना सांगतो. सीमध्ये ‘लाँग’ नावाचा आकडा असतो. तो किती जागा व्यापतो? आजच्या ६४ बिटी विंडोजवर चार बाइट, ६४ बिटी लिनक्सवर आठ बाइट. नाव एक, माप दोन. गावोगावी शेर वेगळा असावा तसे.

काही वर्षांपूर्वी मला एका सहकारी साखर कारखान्यात बोलावणे आले. वजनकाट्यावर उसाच्या गाड्यांची वजने नोंदवणारा प्रोग्रॅम होता, पायथनमध्ये लिहिलेला. तो विंडोजच्या संगणकावर बरीच वर्षे विनातक्रार चालला होता. तो बसवणाऱ्या कंपनीने तोच प्रोग्रॅम, एक अक्षरही न बदलता, लिनक्सच्या नव्या संगणकावर चढवला आणि जुन्या नोंदी उघडल्या. भरलेल्या गाडीचे वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन हे शेजारशेजारचे दोन आकडे एकमेकांना चिकटून एकच अगडबंब आकडा दिसू लागला. कारखान्याबाहेर ट्रॅक्टरांची रांग, ऊस उन्हात वाळतो आहे, शेतकरी पावतीसाठी ताटकळलेले आणि आत आम्ही चार माणसे पडद्याकडे बघत बसलेलो. शेवटी कारण सापडले. पायथनचा स्वतःचा पूर्णांक कितीही मोठा होऊ शकतो, त्याला असले ठरावीक माप नाही. पण फाइलमधली नोंद वाचण्यासाठी त्या प्रोग्रॅमने ‘लाँग’ हे सीचे माप मागितले होते आणि ते माप यंत्रागणिक बदलते. त्या प्रोग्रॅममध्ये कोणीही सीची एक ओळ लिहिली नव्हती. तरी घोळ सीचाच होता. दुरुस्ती एका अक्षराची होती. तिच्यापायी लोकांचा अख्खा दिवस गेला.

कोणी म्हणेल, मग नव्या भाषांनी खिडकी टाळून थेट आत का जाऊ नये? तो प्रयत्नही झाला. गूगलने २००९ साली जाहीर केलेल्या गो या भाषेने सीच्या लायब्ररीला वळसा घालून थेट गाभ्याशी बोलायची रीत पत्करली. लिनक्सवर हे निभते, कारण आत शिरण्याचे क्रमांक आणि रीत बदलायची नाही, हा लिनक्सचा शिरस्ता आहे. अ‍ॅपलने असा शब्द दिलेला नाही. २०१६ साली मॅकची सिएरा ही आवृत्ती आली, आत वेळ विचारण्याची एक रीत बदलली आणि गोमध्ये लिहिलेले प्रोग्रॅम कोसळू लागले. २०१८ साली गोनेही मॅकवर निमूटपणे अ‍ॅपलच्या लायब्ररीची, म्हणजे सीच्या संकेतांची वाट धरली. जगातल्या एका बलाढ्य कंपनीच्या भाषेची ही गत, तिथे इतरांची काय कथा!

इथवर मी गैरसोय सांगितली. आता धोका सांगतो.

संगणकाची मेमरी म्हणजे बँकेतल्या लॉकरांची लांबच लांब रांग समजा. प्रत्येकाला क्रमांक. एखाद्या प्रोग्रॅमने एक ते दहा लॉकर मागून घेतले. आता तो म्हणाला, अकरावा उघडा. अकरावा दुसऱ्याचा आहे. बऱ्याच भाषा इथे हटकतात: तुमचे दहाच आहेत, अकरावा मिळणार नाही. सी हटकत नाही. ती अकरावा उघडून देते, त्यातली वस्तू काढू देते, आपली ठेवूही देते. दुसरा प्रकार असा: लॉकर परत केला, पण किल्लीची नक्कल खिशात राहिली. पुढे तो लॉकर दुसऱ्याला दिला गेला आणि पहिला गडी जुन्या किल्लीने तो उघडतो आहे. सी यालाही हरकत घेत नाही. प्रोग्रॅमरला सगळे कळते, असे ती गृहीत धरते. १९७०च्या दशकात, एका प्रयोगशाळेतल्या मोजक्या जाणत्या माणसांसाठी हे गृहीत चालून गेले. मेमरी तुटपुंजी होती, प्रत्येक तपासणीला वेळ लागे.

सीमधला मजकूरही याच स्वभावाचा. पास्कलच्या प्रचलित रूपांत मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहून ठेवत. सीमध्ये लांबी कुठेच नसते. शेवटी एक शून्य ठेवतात आणि शून्य दिसेपर्यंत वाचत जायचे असते. ते शून्य हरवले की वाचणारा शेजाऱ्याच्या घरात शिरतो.

याचे पहिले मोठे फळ २ नोव्हेंबर १९८८ रोजी मिळाले. रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला आणि तेव्हाच्या अंदाजानुसार सुमारे सहा हजार संगणक त्याने बेजार केले. त्याच्या वाटांपैकी एक वाट सीच्या ‘गेट्स’ या फंक्शनमधून जात होती. समोरून येणारा मजकूर किती लांब आहे हे न बघता तो मेमरीत ओतत राहायचा, एवढेच त्या फंक्शनचे काम. हे फंक्शन सीच्या अधिकृत प्रमाणातून कधी वगळले गेले? २०११ साली. मध्ये तेवीस वर्षे गेली.

एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ प्रकरण उजेडात आले. वेबसाइटशी आपला व्यवहार गुप्त राहावा म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपन-एसएसएल या सीमधल्या लायब्ररीत ते भोक होते. एक संगणक दुसऱ्याला म्हणे, हा शब्द मला परत पाठव, म्हणजे तू जागा आहेस हे कळेल. शब्द चार अक्षरी आणि लांबी सांगितली चौसष्ट हजारांची. समोरचा संगणक लांबी न पडताळता चार अक्षरे आणि पुढे आपल्या मेमरीत जे काही असेल ते पाठवून देई. त्यात कोणाचे पासवर्ड, कोणाच्या गुप्त किल्ल्या.

आणि १९ जुलै २०२४ तर आपल्याला आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रॅमचा एक सदोष अपडेट गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तो प्रोग्रॅम सी प्लस प्लसमधला होता. ही सीची लेक आणि हद्दीच्या बाबतीत स्वभाव आईचा. वीस रकाने भरलेले असताना एकविसावा वाचायला गेल्याने हे घडले. हद्द तपासणाऱ्या भाषेतही मूळ चूक झालीच असती. परंतु ती मागणी दारातच अडली असती आणि पुढे काय करायचे हे ठरवायला वाव राहिला असता.

ही सुटी उदाहरणे नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली सांगितले की, तिच्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या अशा गैरवापराचे असतात. गूगलच्या क्रोम ब्राउझरच्या मंडळींनीही २०२० साली आपल्या गंभीर दोषांबाबत जवळपास तोच आकडा दिला. दोन वेगळ्या कंपन्या, हजारो निष्णात माणसे आणि आकडा तोच. म्हणजे दोष माणसांच्या हुशारीत शोधून चालणार नाही.

माझे काही जुने सहकारी म्हणतात, ‘अरे, नीट लिहिलं तर सीमध्येही काही होत नाही.’ त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांच्यातले काही खरोखर नीट लिहितात. पण घरात विजेचे काम कुशल वायरमनने केले, म्हणून आपण अर्थिंग आणि ट्रिप होणारा स्विच काढून टाकत नाही. कुशल माणसाचाही एखादा दिवस वाईट असतो. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९८० साली ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात एक आठवण सांगितली होती. १९६०च्या दशकात त्यांच्या चमूने केलेल्या अल्गोलमध्ये प्रत्येक हद्द तपासली जाई. वेग वाढावा म्हणून ही तपासणी बंद करण्याची सोय हवी का, असे त्यांनी ग्राहकांना विचारले. ग्राहकांनी एकमुखाने नको म्हटले. म्हणजे हे शहाणपण सीच्या आधीपासून उपलब्ध होते. ते मागे पडले.

मग सी काढून का टाकत नाही? लिनक्सचा गाभाच सुमारे चार कोटी ओळींचा आहे आणि त्यातल्या बहुतेक ओळी सीमध्ये आहेत. हे सगळे पुन्हा लिहायचे, तेही जगाचे व्यवहार एक दिवस न थांबवता, हे माणसांच्या आवाक्यातले काम नाही. शिवाय जुन्या लिखाणात वर्षानुवर्षांच्या दुरुस्त्या मुरलेल्या असतात. आपल्याच इतिहासात याचे एक उदाहरण आहे. दरबारी कारभारात फारसीचा वरचष्मा झाला, तेव्हा शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्याचा परिणाम झाला, अष्टप्रधानांची नावे बदलली. तरीही आज आपण ‘अर्ज’ करतो, ‘तारीख’ घालतो, ‘वकील’ देतो, ‘फिर्याद’ नोंदवतो. कारभाराची भाषा एकदा मुरली की ती अशी राहते. मात्र नवा कागद कोणत्या भाषेत लिहायचा, हे ठरवणे हातात असते.

नेमकी हीच वाट आता काहींनी धरली आहे. मोझिला या संस्थेच्या आश्रयाने वाढलेली रस्ट ही भाषा २०१५ साली पहिल्या पक्क्या आवृत्तीत आली. तिचा नियम लॉकरच्या भाषेत सांगायचा तर असा: प्रत्येक लॉकरचा एका वेळी एकच मालक. किल्ली उसनी देता येते, पण मालकाने लॉकर परत केल्यावर उसनी किल्ली कोणाकडे उरता कामा नये. हे प्रोग्रॅम चालण्याआधीच, तो यंत्राच्या भाषेत उतरताना तपासले जाते. हद्द ओलांडू पाहणाऱ्याला प्रोग्रॅम चालताना अडवले जाते. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या ६.१ या आवृत्तीत रस्टला पहिल्यांदा जागा मिळाली. वादही झाले. तिथल्या रस्टच्या कामातले एक प्रमुख प्रोग्रॅमर तंत्राबाहेरच्या कटकटींना कंटाळून २०२४ साली बाजूला झाले. तरीही डिसेंबर २०२५ मध्ये लिनक्सच्या प्रमुखांनी रस्टवरचा ‘प्रायोगिक’ हा शिक्का काढायचे ठरवले.

याने काय साधते, त्याचे सर्वांत चांगले उत्तर अँड्रॉइडने दिले आहे. २०१९ साली अँड्रॉइडमधल्या सुरक्षा-दोषांपैकी ७६ टक्के मेमरीचे होते. २०२४ साली हे प्रमाण २४ टक्क्यांवर आले. विशेष म्हणजे, यासाठी जुने लिखाण सरसकट फेकून द्यावे लागले नाही. फक्त नवे लिखाण सुरक्षित भाषांत करण्यावर भर दिला. जुन्या लिखाणातले दोष सापडत, दुरुस्त होत कमी होत जातात. नवे दोष भरायचे थांबवले की टाकी आपोआप रिकामी होऊ लागते.

तरीही माझी तक्रार पुरती मिटलेली नाही. रस्टमध्ये लिहिलेला प्रोग्रॅमही कारभाऱ्याच्या खिडकीवर गेला की सीच्याच नमुन्यात अर्ज भरतो. त्या टप्प्यावर रस्टचे रखवालदार बाजूला होतात आणि ‘इथून पुढे माझी जबाबदारी’ असे प्रोग्रॅमरला लिहून द्यावे लागते. मला वाटते, खिडकीवरचा करार कोणत्याही एका भाषेचा नसावा. आकडा किती बाइटांचा, मजकुराची लांबी किती, ही वस्तू कोणाच्या मालकीची, ती कधी परत करायची, हे सगळे त्या करारात स्पष्ट लिहिलेले असावे. सीने त्यानुसार बोलावे आणि इतरांनीही बोलावे. हे काम भाषा घडवण्याइतके चमकदार नाही, म्हणून कोणी हौसेने करत नाही. पण ते झाल्याशिवाय मिरासदारी जाणार नाही.

आपल्या महाराष्ट्रापुरतीही एक गोष्ट सांगतो. इथल्या अभियांत्रिकीच्या कितीतरी पिढ्यांनी पहिला प्रोग्रॅम सीमध्ये लिहिला, तो बोरलँड कंपनीच्या टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर. सोबतीला नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’. त्या पुस्तकाने हजारो मुलांची भीती घालवली. सी शिकवणे बंद करा, असे मी म्हणणार नाही. मेमरी खरोखर कशी असते, हे सीइतके स्वच्छ दुसरी भाषा क्वचितच दाखवते. परंतु त्याच तासाला हेही दाखवावे की ही भाषा कुठे हटकत नाही, त्यापायी कोणती दुर्घटना घडली आणि आज कोणते उपाय आहेत. गाडी शिकवणाऱ्याने ब्रेकचा धडा शेवटच्या दिवसासाठी ठेवू नये.

आणि ज्यांनी आयुष्यात एकही प्रोग्रॅम लिहिला नाही, त्यांनी काय करावे? दोन गोष्टी. मोबाइल किंवा संगणक जेव्हा सुरक्षेचा अपडेट आला आहे असे सांगतो, तेव्हा ‘नंतर बघू’ म्हणून तो लांबवू नका. त्यातला मोठा भाग असल्याच उघड्या लॉकरांना कुलूप लावण्यासाठी असतो. दुसरी गोष्ट, वाय-फायचा डबा असो, कॅमेरा असो की फोन, विकत घेताना दुकानदाराला किमतीबरोबर एक प्रश्न विचारा: याला सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार? दुकानदार आज कदाचित गोंधळेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारले की तो कंपनीला विचारील. पन्नास वर्षांपूर्वी मोजक्या माणसांनी आपल्या सोयीसाठी केलेली एक निवड आज अब्जावधी लोकांच्या घरात येऊन बसली आहे. पुढची निवड होताना त्या घरांतल्या माणसांनाही काही विचारले जावे, एवढीच अपेक्षा आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)